चुलीचा जमाखर्च

(मोलगी येथील स्मृती व्याख्यानाचा लिखित पाठ)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, ते फळ्यावर काही लिहिण्याआधी मुलांना विचारायचे, "आज घरून काय पाहून आलात?" त्यांच्या विद्यार्थ्यांनीच मला हे सांगितले. म्हणून मीही आज पुस्तकातून सुरुवात करत नाही. तुमच्या घरातल्या चुलीपासून करतो.

काठी गावची राजवाडी होळी इथून जवळच. रात्रभर ढोल वाजतात, पहाटे उंच दांड्याची होळी पेटते आणि सारा डोंगर उजळतो. आग म्हणजे काय, हे सातपुड्यातल्या माणसाला कुणी येऊन शिकवण्याची गरज नाही. कोणते लाकूड धगधगते, कोणते नुसते धुमसते, कोणत्याचा निखारा रात्रभर टिकतो, हे तुमच्या आजीला ठाऊक आहे. पण आगीचा हिशेब? तो आपण मांडला आहे का? सकाळी चुलीत घातलेले लाकूड संध्याकाळी मूठभर राख होऊन उरते. बाकीचे गेले कुठे?

मला जे सांगायचे आहे ते आधीच एका वाक्यात सांगून टाकतो. जळताना काहीही नाहीसे होत नाही. चुलीत जेवढे जाते तेवढे सगळे कुठे ना कुठे निघतेच. माणसाने लिहिलेल्या वहीत खोट असू शकते, निसर्गाच्या वहीत नसते. आपल्याला ती वही वाचता आली पाहिजे. दहावीच्या पुस्तकात 'कार्बनी संयुगे' नावाचा धडा आहे ना, ती या वहीची बाराखडी आहे. आज आपण ती बाराखडी गिरवू आणि मग आपल्याच घराचा जमाखर्च वाचू.

तीन गोष्टी क्रमाने पाहू. इंधन कशाचे बनलेले असते? जळणे म्हणजे नेमके काय? आणि आपल्या पाड्यावरच्या घरात कोणते इंधन, कसे?

पहिली गोष्ट, इंधन कशाचे बनते.

मुलांनो, कार्बनला चार हात आहेत. शास्त्राच्या भाषेत आपण त्याची संयुजा चार म्हणतो, पण आज चार हातच म्हणू. जर्मनीतल्या ऑगस्ट केकुले यांनी १८५८ मध्ये ही चाराची गोष्ट स्पष्टपणे मांडली. हायड्रोजनला एकच हात. एका कार्बनने चार हातांनी चार हायड्रोजन धरले की झाला मिथेन. सूत्र लिहा, सीएच४. सगळ्यात लहान, सगळ्यात साधा हायड्रोकार्बन. नावातच सगळे आले, हायड्रोजन आणि कार्बन, तिसरे कुणी नाही. इटलीतल्या अलेस्सांद्रो व्होल्टा यांनी १७७६ मध्ये माज्जोरे सरोवराच्या काठचा चिखल काठीने ढवळला, वर येणारे बुडबुडे बाटलीत धरले आणि पेटवून पाहिले. तो मिथेन होता. तुमच्या गावच्या डबक्यात गाळ ढवळला की बुडबुडे येतात, त्यातही तो असतो. शेणाच्या खड्ड्यातही तोच.

आता पुढे जाऊ. होळीला तुम्ही हातात हात गुंफून रांग धरून नाचता. मधल्या नाचणाऱ्याचे दोन्ही हात शेजाऱ्यांकडे असतात, टोकाच्या दोघांचा एकेक हात मोकळा असतो. कार्बनही अशीच रांग धरतो. त्याच्या चारपैकी दोन हात शेजारच्या कार्बनांकडे गेले, तर उरलेल्या दोन हातांत दोन हायड्रोजन येतात. टोकाच्या दोघांकडे एकेक हात जास्तीचा उरतो, त्यात आणखी एकेक हायड्रोजन. म्हणजे रांगेत जितके कार्बन, त्याच्या दुप्पट हायड्रोजन आणि वर दोन. पुस्तकात जे सूत्र तुम्ही पाठ करता, सीएन एच२एन+२, ते एवढेच सांगते. आता पाठ करू नका, रांग डोळ्यासमोर आणा. दोन कार्बन, सहा हायड्रोजन: इथेन, सी२एच६. तीन आणि आठ: प्रोपेन, सी३एच८. चार आणि दहा: ब्युटेन, सी४एच१०. या घराण्याला अल्केन म्हणतात. शेवटची दोन नावे लक्षात ठेवा. घरातल्या गॅसच्या टाकीत मुख्यतः हीच दोन भावंडे असतात.

रांग सरळच असावी असेही नाही. ब्युटेनचे चार कार्बन एका ओळीत राहतात, किंवा तीन ओळीत आणि चौथा मधल्याच्या बाजूला. सूत्र एकच, रचना दोन, आणि गुणही थोडे वेगळे. आठ कार्बनांच्या अल्केनच्या अशा अठरा रचना होतात, दहा कार्बनांच्या पंचाहत्तर. बाराखडीतल्या मोजक्या अक्षरांतून जसे अगणित शब्द होतात, तसे दोनच मूलद्रव्यांतून हे.

दोन कार्बनांच्या घराण्यापाशी मला थोडे थांबायचे आहे, कारण ते घराणे तुमच्या अंगणात नांदते. इथेनमध्ये दोन कार्बनांनी एकमेकांचा एकच हात धरलेला असतो. त्यांनी दोन-दोन हात धरले तर? हायड्रोजनसाठी चारच हात उरतात. झाले सी२एच४, एथिलीन. हा वायू कुठे असतो? कैऱ्या गवतात झाकून तुम्ही आढी लावता, तिथे. फळ स्वतःच हा वायू सोडते, आढीत तो कोंडून राहतो आणि सगळी फळे एकमेकांना पिकवतात. मोलगीच्या बाजारात ज्या कैऱ्यांचे आमचूर येते त्या आढीत न जाता आधीच चिरून वाळवल्या जातात. कैरी कधी चिरायची आणि कधी झाकायची, हे ठरवताना तुमची आई एथिलीनचाच विचार करत असते. आणि दोन कार्बनांनी तीन-तीन हात धरले तर? सी२एच२, ॲसिटिलीन. वेल्डिंगवाल्याची ज्योत त्याचीच, तीन हजार अंश सेल्सिअसच्या घरात जाणारी. कार्बाइडच्या पुडीवर पाणी पडले की हाच वायू निघतो. काही व्यापारी त्याने आंबे पिकवतात. कायद्याने त्याला बंदी आहे, कारण कार्बाइडमध्ये आर्सेनिकसारख्या विषांचे अंश असू शकतात. आपल्या आढीला तोड नाही, हे मी रसायनशास्त्राच्या बाजूने सांगतो आहे.

पुन्हा इथेनकडे येऊ. त्याचा एक हायड्रोजन काढून तिथे ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी बसवली की होते इथेनॉल, म्हणजे मोहाच्या फुलांतून जे उतरते ते. तिथे ऑक्सिजनऐवजी गंधक बसवले की होते एथिल मरकॅप्टन. गॅसला वास कशाचा येतो, विचारा कुणालाही. प्रोपेनला वास नाही, ब्युटेनला जवळजवळ नाही. गळती कळावी म्हणून हे गंधकाचे द्रव्य अगदी थोडे मिसळतात. इथेन, आढीतला वायू, मोहाचा अर्क, गॅसचा वास: चौघांचे मूळ दोन कार्बनांचेच. एका हाताचा फरक आणि केवढी वेगळी कामे!

हे घराणे जमिनीखाली एकत्र मिसळलेले सापडते, खनिज तेल म्हणून. मग ते वेगवेगळे कसे करायचे? त्याचे तत्त्व या सभेतल्या वडीलधाऱ्यांना माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. मोहाची फुले कुजवून मडक्यात तापवली की आधी काय वर येते? अर्क. इथेनॉल ७८ अंशांना उकळते, पाणी १०० अंशांना. जे आधी उकळते ते आधी वाफ होते, नळीतून जाते, थंड होऊन थेंब थेंब पडते. तेलशुद्धीकरण कारखान्यातला उंच मनोरा हेच करतो, फक्त एका वेळी अनेक पायऱ्यांवर.

अल्केनच्या त्या पायऱ्या पाहा. मिथेन उणे १६२ अंशांना उकळतो. इथेन उणे ८९. प्रोपेन उणे ४२. ब्युटेन शून्याच्या जरासा खाली. पेंटेन ३६ अंशांना, हेक्झेन ६९, हेप्टेन ९८, ऑक्टेन १२६. रांगेत एक कार्बन वाढला की एक पायरी वर. पहिले चार आपल्या हवेत वायू असतात. पुढचे द्रव, त्यात पेट्रोल, मग रॉकेल, मग डिझेल. आणखी लांब रांगा झाल्या की मेण, आणि तळाशी रस्त्यावरचे डांबर. मेणबत्ती, डांबर आणि गॅसची टाकी ही एकाच घराण्यातली माणसे आहेत, फरक मुख्यतः रांगेच्या लांबीचा.

आपल्या डोंगरातल्या डाब गावाच्या बाजूला कडाक्याच्या थंडीत सकाळी दव गोठते. त्या सकाळी गॅस मंद का जळतो? ब्युटेन शून्याच्या आसपास उकळते, म्हणून गारठ्यात त्याची वाफच नीट होत नाही, ते टाकीत द्रवच राहते. प्रोपेन मात्र तेव्हाही वाफ होऊन वर येते. म्हणून दोघांचे मिश्रण. ही पायऱ्यांची यादी परीक्षेसाठी नाही, पौषातल्या चहासाठी आहे.

आणि हे तेल येते कुठून? घाट उतरून अक्कलकुव्याला गेलात की अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्ता लागतो. त्या रस्त्याने पश्चिमेला जात राहा, सागबारा, डेडियापाडा, नेत्रंग आणि मग अंकलेश्वर. तिथे १९६० मध्ये जमिनीखाली तेल सापडले. तेल व नैसर्गिक वायू आयोग १९५६ मध्ये स्थापन झाला, त्यानंतर अवघ्या चार वर्षांनी. गुजरातच्या तेलासाठी बडोद्याजवळ कोयलीला १९६५ मध्ये शुद्धीकरण कारखाना सुरू झाला. पुढे १९७४ मध्ये मुंबईच्या किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर, भर समुद्रात 'सागर सम्राट' या खोदकाम-मंचावरून खोदताना मुंबई हायचे तेल लागले आणि १९७६ मध्ये ते वर येऊ लागले. स्वतंत्र भारताच्या तेलाची एक मोठी कहाणी आपल्या घाटाखालच्या रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला घडली. आपण मात्र त्या रस्त्यावर डोक्यावर मोळी घेऊन चालत राहिलो. हे सांगताना मला वाईट वाटते, आणि म्हणूनच ते सांगतो.

दुसरी गोष्ट, जळणे म्हणजे काय.

जळणे म्हणजे हात बदलणे. कार्बन आणि हायड्रोजन एकमेकांचे हात सोडतात आणि हवेतल्या ऑक्सिजनचे धरतात. या नव्या जोड्या जास्त घट्ट बसतात आणि त्या बसताना उष्णता बाहेर पडते. मिथेनचे समीकरण लिहा: सीएच४ + २ओ२ → सीओ२ + २एच२ओ. डावीकडे एक कार्बन, उजवीकडेही एक. डावीकडे चार हायड्रोजन, उजवीकडे चार. ऑक्सिजन चार आणि चार. आता वजन मांडा. १६ ग्रॅम मिथेनला ६४ ग्रॅम ऑक्सिजन लागतो, जमा ८०. निघतो ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड आणि ३६ ग्रॅम पाणी, खर्च ८०. पै-पैचा मेळ.

आता हाच हिशेब घरातल्या टाकीचा करू. १४.२ किलोची टाकी. प्रोपेन धरा की ब्युटेन, उत्तर जवळपास तेच येते. ती पूर्ण जळायला सुमारे ५१ किलो ऑक्सिजन लागतो. आणि हवेत वजनाने चौथा हिस्सासुद्धा ऑक्सिजन नसतो, म्हणजे सव्वादोनशे किलोच्या आसपास हवा. बाहेर पडतो सुमारे ४३ किलो कार्बन डायऑक्साइड आणि सुमारे २२ किलो पाणी. होय, पाणी! चौदा किलोच्या टाकीतून बावीस लिटर पाणी, मोठा हंडाभर, वाफ होऊन छपराखाली निघून जाते. तुम्ही उन्हाळ्यात झऱ्यावरून जेवढे वाहून आणता तेवढे. हे पाणी टाकीत नव्हते. टाकीतला हायड्रोजन आणि हवेतला ऑक्सिजन यांनी ते ज्योतीत घडवले. पुस्तकातले समीकरण कोरडे वाटते ना? त्यात एक हंडा पाणी आहे.

हे झाले पूर्ण ज्वलन. पण ऑक्सिजन पुरेसा पोचला नाही तर? तर कार्बनला दोन ऑक्सिजन मिळत नाहीत, एकच मिळतो. तो होतो कार्बन मोनॉक्साइड. रंग नाही, वास नाही. रक्तातल्या ज्या हिमोग्लोबिनने श्वासातला ऑक्सिजन वाहायचा, त्याला हा वायू ऑक्सिजनच्या दोनशेपटीहून जास्त घट्ट बिलगतो आणि जागा अडवून बसतो. बंद खोलीत शेगडी ठेवून झोपू नका असे म्हणतात, ते यामुळे. काही कार्बनांना एकही ऑक्सिजन मिळत नाही. ते तसेच कोरे बाहेर पडतात, ती काजळी. आणि काही रेणू अर्धेमुर्धे तुटून, न जळताच उडतात. या सगळ्यासाठी आपण एकच शब्द वापरतो, धूर.

धूर म्हणजे न जळलेले इंधन. हे वाक्य मी पुन्हा म्हणतो, कारण आजच्या व्याख्यानातले एकच वाक्य घरी न्यायचे असेल तर हे न्या. धूर म्हणजे न जळलेले इंधन.

पुरावा हवा? मुलांनो, मोठ्या माणसाला शेजारी बसवून घरी करून पाहा. मेणबत्ती फुंकून विझवा. वातीतून पांढरी रेघ वर जाते. त्या रेघेला, वातीपासून बोटभर वर, जळती काडी लावा. ज्योत त्या रेघेवरून उडी मारून खाली येते आणि वात पुन्हा पेटते. ती पांढरी रेघ मेणाची वाफ होती, इंधन होते. मायकेल फॅरडे नावाचा लोहाराचा मुलगा, लहानपणी पुस्तकबांधणीच्या दुकानात काम करत शिकला. त्यानेच १८२५ मध्ये बेंझीन हा हायड्रोकार्बन वेगळा करून दाखवला. पुढे तो लंडनमध्ये मुलांसाठी एका मेणबत्तीवर व्याख्याने देत असे आणि त्यांत हा प्रयोग करून दाखवत असे. पिवळी ज्योत पिवळी का, हेही त्याने मुलांना सांगितले: आत न जळलेले कार्बनचे कण तापून चमकतात म्हणून. रॉकेलच्या चिमणीचा पिवळा उजेड आठवा. त्या उजेडात आपल्यातले कितीजण शिकले! तो उजेड काजळीचाच होता, आणि सकाळी नाकपुडीत बोट घातले की ती काळी निघायची.

मग गॅसची ज्योत निळी का? बर्नरच्या नळीला बाजूला छिद्रे असतात. गॅस जोराने जाताना त्या छिद्रांतून हवा आत ओढतो आणि पेटण्याआधीच तिच्यात मिसळतो. प्रत्येक कार्बनला त्याचा ऑक्सिजन शेजारीच मिळतो. ती छिद्रे तेल-मसाल्याने बुजली की ज्योत पिवळी होते आणि भांडे काळे पडते. चुलीला अशी छिद्रे नाहीत. चुलीला ही हवा कोण देते? फुंकणी! माझी आजी पहाटे चुलीपुढे वाकून फुंकणीने फुंकर घालायची. धूर जायचा, ज्वाळा उठायची. ऑक्सिजन आत, ज्वलन पूर्ण, धूर कमी. तिला सूत्र माहीत नव्हते, उपाय पुरता माहीत होता. पण तो ऑक्सिजन ती आपल्या छातीतून देत होती. आणि पुढच्या श्वासाला तोच धूर आत घेत होती.

लाकूड एवढा धूर का करते, तेही पाहू. लाकूड हायड्रोकार्बन नाही. त्यातला मोठा वाटा सेल्युलोजचा, आणि सेल्युलोजच्या वजनातला जवळजवळ निम्मा भाग ऑक्सिजनच असतो. म्हणजे लाकूड आधीच अर्धे हात बदलून बसलेले आहे, म्हणून किलोमागे उष्णता कमी. वाळलेले लाकूड किलोला साधारण साडेतीन ते चार हजार किलोकॅलरी देते, गॅस अकरा हजारांच्या आसपास. शिवाय लाकडात ओल असते. श्रावणात भिजलेल्या लाकडाच्या ताकदीचा एक हिस्सा स्वतःतले पाणी उडवण्यातच जातो. चूल थंड राहते, वायू पेटत नाहीत, धूर होऊन निघतात.

आणि तीन दगडांच्या चुलीत जी उष्णता होते, तिच्यातली शंभरातली दहा-पंधराच भांड्याला लागते. गॅसच्या शेगडीत साठाच्या वर. हिशेब मांडा. एका टाकीइतका स्वयंपाक करायला लाकूड लागते दीडशे ते अडीचशे किलो. वीस किलोची मोळी धरली तर आठ ते बारा मोळ्या. आठ ते बारा वेळा डोंगर चढायचा, तोडायचे, बांधायचे, डोक्यावर घेऊन उतरायचे. हे कोणत्या वहीत लिहिले जाते? लाकडाला पैसे पडत नाहीत असे आपण म्हणतो. कुणाला पडत नाहीत?

अमेरिकी शास्त्रज्ञ कर्क स्मिथ यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला आपल्या शेजारच्या गुजरातमधल्या खेड्यांत जाऊन, स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या श्वासात किती धूर जातो ते मोजले. तोवर जग शहरातल्या धुराड्यांचे प्रदूषण मोजत होते. सगळ्यात दाट धूर स्वयंपाकघरात होता आणि तिथे फारसे कुणी यंत्र नेलेच नव्हते. समीकरणाची दोन्ही अंगे नेहमीच सारखी असतात, माझ्या मित्रांनो. चुलीत न जळलेला कार्बन आपण वहीत लिहिला नाही, म्हणून तो नाहीसा झाला नाही. तो छपराच्या वाशांवर बसला, भांड्याच्या बुडाला बसला आणि आईच्या फुप्फुसात बसला.

तिसरी गोष्ट, मग आपल्या घरात काय?

पहिला मार्ग गॅसच्या टाकीचा. १ मे २०१६ रोजी स्वयंपाकाच्या गॅसची जोडणी देणारी उज्ज्वला योजना सुरू झाली. सप्टेंबर २०१९ मध्ये तिची आठ कोटीवी जोडणी आपल्याच राज्यात, आज छत्रपती संभाजीनगर म्हणतात त्या शहरात दिली गेली. घरोघर लाल टाकी पोचली, ही मोठी गोष्ट आहे आणि तिला मोठीच म्हटले पाहिजे. पण जोडणी एकदा मिळते, टाकी पुन्हा पुन्हा भरावी लागते. पैसे एकरकमी लागतात, पाड्यापासून टाकी खाली न्यायची आणि वर आणायची. हाती पैसा येतो मोहाच्या, आमचूरच्या, भगरीच्या हंगामात. म्हणून एरवी घरात टाकी असूनही चूल पेटते, यात बाईचा अडाणीपणा नाही, तो तिचा हिशेब आहे. पाच किलोची लहान टाकीही मिळते. ती उचलायला सोपी, भरायला कमी पैसे. निदान पावसाळ्याच्या ओल्या दिवसांत आणि घरात तान्हे मूल असताना गॅस, हे ठरवले तरी पुष्कळ धूर टळेल.

गॅस वापरणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की धरा. प्रोपेनचे रेणुवस्तुमान ४४, ब्युटेनचे ५८, हवेचे सरासरी २९. म्हणजे हा गॅस हवेपेक्षा जड. गळला की वर जात नाही, पाण्यासारखा जमिनीलगत पसरतो, खळग्यात साचतो. वास आला तर दिवा लावू नका, विजेचे बटण चालू करू नका आणि बंदही करू नका. रेग्युलेटर बंद करा, दार उघडा, जमिनीजवळची हवा बाहेर जाऊ द्या. शेजारी चूल पेटलेली असेल तर मुलांना घेऊन आधी बाहेर पडा.

दुसरा मार्ग मिथेनचा, आणि तो आपल्या गोठ्यात आहे. १८९७ मध्ये मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात मैल्यापासून असा वायू करण्याचा प्रयोग झाला. पुढे जशभाई पटेल यांनी तरंगत्या टोपीचे गोबरगॅस संयंत्र बनवले आणि खादी आयोगाने ते देशभर नेले. साधारण २५ किलो शेणापासून दिवसाला एक घनमीटर वायू मिळतो, त्यात निम्म्याहून जास्त मिथेन. असे बत्तीसेक घनमीटर म्हणजे एका टाकीइतकी उष्णता. पुण्याच्या 'आरती' या संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी वेगळा विचार केला. ते म्हणाले, शेण म्हणजे गुराने पचवून टाकलेले उरलेसुरले. सूक्ष्मजीवांना थेट पिष्टमय अन्न का देऊ नये? खरकटे, सडके धान्य, वाया गेलेली फळे घालून चालणारे छोटे संयंत्र त्यांनी केले आणि त्याला २००६ मध्ये अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला. आपल्याकडे गुरे रानात चरतात, शेण विखुरते, उन्हाळ्यात पाणी कमी, थंडीत सूक्ष्मजीव सुस्तावतात. अडचणी खऱ्या आहेत. पण आश्रमशाळा आहेत, जिथे शेकडो मुले जेवतात आणि उरलेसुरले रोज टाकले जाते. तिथे हा वायू मुलांचाच भात शिजवू शकतो आणि मुलांचाच धडा होऊ शकतो.

तिसरा मार्ग, चूल राहणारच असेल तर ती नीट जाळणे. लाकूड पावसाआधी तोडून, बारीक करून, आडोशाला वाळवा. एकदम कोंबू नका, थोडे थोडे सारा. चुलीखाली हवा जायला जागा ठेवा. धुराला छपराबाहेर जायला वाट द्या. निर्धूर चूल म्हणजे एवढेच शास्त्र: हवा आत, धूर बाहेर.

एक प्रश्न तुमच्यातला एखादा हुशार विद्यार्थी नक्की विचारेल. टाकीतला कार्बन कोट्यवधी वर्षे जमिनीखाली होता, तो आपण हवेत सोडतो. लाकडातला कार्बन झाडाने हवेतूनच घेतला होता. मग लाकूड चांगले नव्हे का? प्रश्न खरा आहे आणि जगाच्या तापमानवाढीचा हिशेबही खरा आहे. पण ते देणे कुणाचे, हेही वहीत लिहावे लागते. मोटारी, विमाने, वीजकेंद्रे यांनी जे जाळले, त्याचे व्याज सातपुड्यातल्या आईच्या श्वासातून वसूल करणे अन्याय आहे. तिच्या टाकीचा ४३ किलो कार्बन डायऑक्साइड मी आनंदाने मान्य करतो, आणि उद्या तिच्या घरी सूर्याची वीज आली तर त्याहून आनंदाने.

आता आवरते घेतो. आपण पाहिले की कार्बनला चार हात असतात आणि त्यांच्या रांगेतून डबक्यातल्या वायूपासून रस्त्यावरच्या डांबरापर्यंत सारे घराणे उभे राहते. आपण पाहिले की जळणे म्हणजे हात बदलणे, त्यात काही हरवत नाही, आणि धूर म्हणजे न जळलेले इंधन. आपण पाहिले की गॅस, गोबरगॅस आणि नीट वाळवलेले लाकूड, तिन्ही वाटा एकाच ठिकाणी जातात: प्रत्येक कार्बनला त्याचा पुरेसा ऑक्सिजन मिळू द्या, आणि तो कुणाच्या छातीतून काढू नका.

मुलांनो, तुम्हाला घरचा अभ्यास देतो. उद्या सकाळी चुलीवरच्या भांड्याचे बूड बघा. बोट फिरवा. जे काळे लागेल, ते मोजा. तो कार्बन आहे, ज्याच्या वाट्याचा ऑक्सिजन त्याला मिळाला नाही. मग आईला विचारा, ती रोज किती वेळ त्या धुरात बसते, महिन्याला किती मोळ्या आणते. ते आकडे वहीत लिहा, तारखेसह. शाळेत आणा, ग्रामसभेत वाचा. सूत्रे मी तुम्हाला दिली. ही नोंद मात्र मी करू शकत नाही, कुठलाही प्राध्यापक करू शकत नाही. ती फक्त तुम्हालाच करता येईल, कारण त्या चुलीपुढे तुमची आई बसते.